तो ५,८६० रुपयांचा नफा

पत्र

ताई, मी फोंडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला उद्योजकता हा विषय होता आणि एप्रिलमध्ये कॉलेजात दोन दिवस स्टॉल लावायचे होते. आमच्या पाचजणींच्या गटानं कोकम सरबताचा पाक विकला. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, आमच्या कुळागरातली (बागायतीतली), पाक आईनं आणि काकूनं करून दिला. हल्ली लोकांना गोड कमी लागतं म्हणून साखर मुद्दाम कमी घातली. ४८ बाटल्या आणि ११० ग्लास खपले. ५,८६० रुपये नफा झाला, सगळ्या वर्गात जास्त. पण दहाएक दिवसांनी तीन बाटल्या परत आल्या. पाक फसफसला होता. एका मॅडमच्या घरी तर रात्री बूच उडून भिंतीभर लाल शिंतोडे उडाले. मी तिघांचे पैसे गुपचूप परत केले. आता ‘या विषयानं मला काय शिकवलं’ यावर लेख लिहून द्यायचाय, त्याला २५ गुण आहेत. गटातली मैत्रीण म्हणते, बाटल्यांचं लिहू नकोस, सगळ्यांचे गुण जातील. खरं सांगू? मला वाटतं मी काहीच शिकले नाही. बाबा म्हणतात, झालं ना आता, सरकारी परीक्षेच्या तयारीला लाग. लेखात काय लिहू? आणि मला धंदा जमेल का? हिशेब आणि आमच्या सादरीकरणाची पानं सोबत जोडलीत.

उत्तर

बाय, लेखाचं नंतर बघू. आधी उरलेल्या ४५ बाटल्यांचं बघ.

तीन परत आल्या म्हणून तीनच बिघडल्या असं होत नाही. एकाच पातेल्यातला पाक, एकच माप, एकाच दिवशी भरलेला. बाकीच्या बाटल्या कुणाच्या तरी कपाटात बूच घट्ट लावून उभ्या आहेत, आणि त्या काचेच्या आहेत. बूच उडालं तर भिंत रंगते, पण काच फुटली तर कुणाचा तरी हात कापेल. म्हणून आजच वर्गाच्या ग्रुपवर आणि कॉलेजच्या सूचनाफलकावर लिही: आमचा पाक घेतला असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, तोंडापासून लांब धरून बूच हळू सैल करा, फेस दिसला तर ओतून द्या आणि पैसे परत घेऊन जा. खाली स्वतःचं नाव घाल. मॅडमच्या भिंतीचं तू मनाला लावून घेतलंस, ते तुझ्या पत्रात दिसतं. तोच जीव या ४५ घरांसाठी लाव.

आता बिघडलं कशानं ते समजून घे, कारण पुढच्या वेळी तेच व्हायला नको. भिरंडाची साल आणि साखर थरावर थर रचून उन्हात ठेवायची, ही आपल्या घराघरातली रीत. एक भाग सालीला दोन भाग साखर. हे माप आपल्या आज्यांनी जिभेच्या लाडासाठी ठरवलं नव्हतं. साखर दाट असली की ती पाण्याला धरून ठेवते आणि यीस्टला वाढायला पाणी मिळत नाही. तू साखर कमी केलीस, पाणी मोकळं झालं, वर एप्रिलचा उकाडा. यीस्ट साखर खायला लागलं, वायू झाला, बंद बाटलीत त्याला वाट नव्हती. अन्नसुरक्षेच्या नियमांत फळांच्या सिरपमध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत अशी अट आहे. आजीचं माप धर, तीन भागांत दोन भाग साखर, म्हणजे ६६ टक्के. दोन्ही जवळजवळ एकाच जागी येऊन थांबतात. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर हजार-दोन हजारांत मिळतो. त्याच्या काचेवर थेंबभर पाक ठेवला की ब्रिक्सचा, म्हणजे विरघळलेल्या साखरेच्या टक्केवारीचा, आकडा दिसतो. पुढच्या हंगामात पहिली खरेदी तीच कर. ज्याला गोड कमी हवंय त्यानं ग्लासात पाक कमी घालावा. आणि साखर मुळीच नको असलेल्यांसाठी आपल्याकडे मिठातलं आगळ आहेच की.

आता तुझा हिशेब घेऊया, तो मी समोर ठेवलाय. ४८ बाटल्या १२० रुपयांनी, ५,७६०. ११० ग्लास २० रुपयांनी, २,२००. जमा ७,९६०. खर्चाला साखर १७ किलो ७६५, बाटल्या ७००, लेबलं ३००, ग्लास-बर्फ-जिरं-मीठ ३३५, मिळून २,१००. बेरीज-वजाबाकी चोख आहे आणि अक्षरही सुंदर आहे. पण यात भिरंडं कुठे आहेत?

तू लिहितेस, ‘भिरंडं घरचीच’. घरची म्हणून ती फुकट झाली का? तीच २० किलो भिरंडं तुझ्या बाबांनी विकली असती तर पैसे आले असते. मी किलोला ४० रुपये धरते, म्हणजे ८०० झाले. गॅस आणि बाबांनी गाडीतून दोनदा माल पोचवला त्याचं पेट्रोल, ३५०. आणि आता आई. तुझ्या पत्रात एक ओळ आहे: ‘पाक आईनं आणि काकूनं करून दिला.’ हिशेबात तिचं नावनिशाण नाही. आई तीन दिवस बसली, काकू दोन दिवस, हे तूच सादरीकरणात ‘कुटुंबाचा पाठिंबा’ या मथळ्याखाली लिहिलंयस, वर सूर्यफुलाचं चित्र काढून.

भिरंडं फोडताना तू कधी आईजवळ बसलीस का? मी लहानपणी बसायची. एक-एक फळ हातानं उघडायचं, बिया एका टोपात, साल दुसऱ्यात. पहिल्या पाव तासात बोटं लाल होतात, मग तळवे, मग मनगटापर्यंत ओघळ येतो. हाताला कुठे चीर असेल तर आंबट रस असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. आमची आई त्या चिरेवर खोबरेल चोपडून पुन्हा बसायची. नखांच्या कडांतला तो रंग आठवडाभर जात नाही. या पाच दिवसांच्या कामाला कुळागरात मदतीला येणाऱ्या बाईचा रोज लावून बघ. मी ५०० धरते. २,५०० झाले.

८००, ३५० आणि २,५००, म्हणजे ३,६५०. तुझ्या ५,८६० मधून ते वजा केले की उरले २,२१०. तीन बाटल्यांचे ३६० तू परत दिलेस, राहिले १,८५०. तुम्ही पाचजणी दोन दिवस उभ्या होतात, म्हणजे दहा रोज. एकीला दिवसाला १८५ रुपये पडले. आणि कॉलेजनं जागा, टेबल, वीज फुकट दिली, ते मी धरलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट मला या हिशेबात दिसली. बाटली ३७ रुपयांना पडली असं तू मांडलंस. माझ्या हिशेबानं ती शंभरीच्या आसपास जाते. तू ती १२० ला विकलीस. उद्या फोंड्याच्या एखाद्या दुकानदाराकडे गेलीस आणि त्यानं वीस-पंचवीस टक्के मागितले तर तुला पदरचे घालावे लागतील. हे वाचून खचू नकोस, बाय. किंमत वाढवता येते, आईचे दोन दिवस वाचवणारं साधन आणता येतं, बिया न फेकता त्यांतून भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढता येतं. वाटा पुष्कळ आहेत. पण ३७ रुपयांवर विश्वास ठेवून निघालीस तर त्यांतली एकही दिसणार नाही.

तू म्हणतेस काहीच शिकले नाही. मग हा हिशेब कुठल्या शब्दांत मांडलाय बघ: चल खर्च, स्थिर खर्च, ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा). हे शब्द तुला या विषयानंच दिले. ते तू फक्त दुकानातून आणलेल्या वस्तूंना लावलेस, घरातल्या माणसांना लावले नाहीस. लेखात लिहायचं ते इथे आहे.

माझं सांगते. मी १९९१ साली शेवटच्या वर्षाला होते. आम्हालाही असाच एक पेपर होता, आणि आमच्या सरांनी प्रत्येकाला मार्चमधल्या एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाठवलं. एका विक्रेत्याजवळ सकाळी सातपासून बसायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही, जे दिसेल ते वहीत लिहायचं. माझ्या वाट्याला पेडण्याकडची एक मिरचीवाली आली. हरमलची मिरची, गोणपाटावर दोन ढीग. दोन्ही मला सारखेच लाल दिसत होते. गिऱ्हाईक उजवीकडच्या ढिगाला हात लावी तेव्हा ती एक मिरची मोडून त्याच्या नाकाशी धरायची आणि सांगायची, ही गेल्या सालची, रंग आहे पण वास उतरलाय, फोडणीला घे, वर्षाच्या मसाल्याला नको. दुसरा ढीग महाग. कितीतरी जणी महागाचा न घेता तशाच पुढे गेल्या. मला राहवलं नाही. सरांचा नियम मोडून मी विचारलं, मावशी, कुणाला कळलं नसतं, सांगितलंत कशाला? ती वर न बघता म्हणाली, “फुडल्या सुक्रारा तीच येतली मगे.”

मी ते वहीत लिहिलं, वीसपैकी चौदा गुण मिळाले, आणि विसरून गेले.

पुढे डिचोलीत पापड-मसाल्याचा उद्योग सुरू केला. १९९८ मध्ये किनाऱ्यावरच्या एका हॉटेलनं दरमहा मसाला घ्यायला सुरुवात केली. मी हवेत होते. नोव्हेंबरपासून बिल फाडलं की वहीत विक्री लिहायची. मिरची, धणे, खोबरं मात्र मी रोखीनं आणत होते. हॉटेलवाले म्हणायचे, पुढच्या महिन्यात एकदम देऊ. मे महिन्यात हंगाम संपला, हॉटेलाला कुलूप लागलं. पावसाळ्यानंतर गेले तर चालवणारा दुसराच. ३८,००० रुपये गेले. त्या काळात ते माझे सहा-सात महिन्यांचे घरखर्चाचे पैसे होते. त्या रात्री कॉलेजची जुनी वही काढली. ‘खेळतं भांडवल’, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा, या प्रश्नाचं उत्तर मी दीड पान लिहिलं होतं, शिक्का मारल्यासारखं बिनचूक. त्याच वहीत चार पानं मागे मिरचीवालीचं वाक्य होतं. दर आठवड्याला परत येणारी बाई आणि रोख देणारी बाई तिनं निवडली होती. मी सगळं गिऱ्हाईक एकाच कुलूप लागणाऱ्या दाराशी नेऊन बांधलं होतं. आठ वर्षांनी तो पेपर मला कळला. म्हणून सत्र संपताना ‘काय शिकलीस’ असं विचारणं मला थोडं घाईचं वाटतं, पण विचारलंय तर जे आज दिसतंय ते लिही.

तुझं गिऱ्हाईकही नीट बघ. ४८ बाटल्या कुणी घेतल्या? तुमच्या यादीत १९ शिक्षक आणि कर्मचारी आहेत, बाकीच्या बहुतेक मैत्रिणी आणि त्यांच्या घरचे. त्यांनी तुमच्या कौतुकानं घेतल्या. प्रेमानं घेतलेली पहिली बाटली ही विक्रीच आहे, पण त्यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्यांदा मागायला कोण आलं, ते मोज. तुझ्या कागदांत ती नोंद नाही, म्हणजे मोजली नसावी.

सादरीकरणातलं ते पान मात्र लेखात आणू नकोस, ज्यात ‘गोव्यात येणाऱ्या पर्यटकांपैकी फक्त १ टक्का’ लिहिलंय. वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक, म्हणून एक लाख बाटल्या. तुमच्याच प्रमाणानं एक लाख बाटल्यांना ३६ टनांहून जास्त भिरंडं लागतील. तुमच्या कुळागरात सात झाडं आहेत. नवीन लावायची म्हटली तर भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून केलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायलाच सहा-सात वर्षं जातात, म्हणून कलमं लावावी लागतात. त्याची माहिती ओल्ड गोव्याजवळ एला इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत मिळेल. एक टक्का लिहायला एक मिनिट लागतं. त्यामागची झाडं मोजायला तू बाबांबरोबर कुळागरात एक चक्कर मारलीस तर बाबांशी या विषयावर भांडण न होता बोलणंही होईल.

योजनांची नावं पाठ आहेत तुझी, छान. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना अनुदान देणारी केंद्राची पीएमएफएमई. ईडीसी या गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळामार्फत मुख्यमंत्री रोजगार योजना. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची छोट्यांसाठीची नोंदणी. यांतली नोंदणी तेवढी पुढच्या हंगामाआधी नक्की कर, कारण खाण्याची वस्तू विकायची तर ती लागतेच. कर्जाचं आणि अनुदानाचं नंतर बघू. बूच न उडणारा पाक आधी व्हायला हवा.

आता मैत्रिणीचं. तिची भीती खोटी नाही, गुण सगळ्यांनाच हवेत. लेख देण्याआधी चौघींना बसव आणि काय लिहिणार आहेस ते वाचून दाखव. ‘आम्ही लपवलं’ असं लिहू नकोस. ‘साखर कमी करायचं मी सुचवलं, टिकतं का ते न तपासता विकलं, तीन बाटल्या परत आल्या, मी पैसे दिले, आणि आता बाकीच्या सगळ्यांना कळवलंय’ असं लिही. यात दुसऱ्या कुणाचं नाव येत नाही. तुमच्या सरांचं मन मला ठाऊक नाही, दोन-चार गुण जातीलही. जाऊ देत. मी माझ्या उद्योगात बावीस वर्षांत कितीतरी मुलींना कामाला घेतलं. मसाला जळला की पातेलं घेऊन समोर येणारी मुलगी मी कधी सोडली नाही.

धंदा जमेल का, हे मला तुझ्या नफ्यावरून कळत नाही आणि बिघडलेल्या बाटल्यांवरूनही कळत नाही. तू न मागता तिघांचे पैसे परत केलेस, एवढ्यावरून मी म्हणेन, करून बघ. पण बाबांचं म्हणणंही मोडू नकोस. आपल्या गोव्यात सरकारी नोकरीचं घराघरात काय वजन आहे ते मला माहीत आहे, आणि त्यामागे त्यांनी काढलेली हलाखी असते. परीक्षा दे. अभ्यासाच्या आड भिरंडं येत नाहीत, त्यांचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, पाऊस लागला की संपला. पुढच्या वर्षी फक्त तीस बाटल्या कर, पूर्ण साखरेच्या. पाच बाटल्या घरात महिनाभर ठेव, त्यांतली एकही फसफसली तर बाकीच्या विकू नकोस. मग एखाद्या गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात बस, जिथे तुला कुणी ओळखत नाही. कोण थांबलं, काय विचारलं, किंमत ऐकून कोण पुढे गेलं, ते वहीत लिही. चार गुरुवार बस. चौथ्या गुरुवारी पहिल्या गुरुवारची माणसं परत आली का, तेवढं मला कळव, मग पुढचं बोलू.

आणि एक काम लेखाआधीचं. नफ्याचे १,१७२ रुपये तुम्ही प्रत्येकीनं वाटून घेतलेत. त्यांतून पाचहीजणी ५०० काढा. २,५०० होतील. १,५०० आईला, १,००० काकूला. आई घेणार नाही, ‘घरचंच तर होतं’ म्हणेल. तेव्हा हिशेबाची वही उघड, खर्चाच्या बाजूला ‘मजुरी’ असं नवं कलम लिही, आणि त्या ओळीपुढे तिची सही घे.